पदव्युत्तर संशोधन प्रकल्प आणि संगणकशास्त्राची जडणघडण : काही ऐतिहासिक प्रसंगांचा अभ्यास (१९३७–२००२)

प्रस्तावना

संगणकशास्त्राचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एनिॲकपासून सुरुवात करून ट्रान्झिस्टर, एकात्मिक परिपथ आणि मायक्रोप्रोसेसर या पायऱ्यांनी तो वर्तमानापर्यंत आणून सोडण्याची प्रथा पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. कंपन्यांचा आणि त्यांच्या संस्थापकांचा इतिहास ही याच मांडणीची दुसरी बाजू होय. या दोन्हींत एक दालन उपेक्षित राहते. ते म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पदवीची अट म्हणून केलेले संशोधन प्रकल्प. या विद्याशाखेच्या अनेक मूलभूत कल्पना प्रथम कोणत्या कागदावर उमटल्या याचा शोध घेतला, तर तो कागद पुष्कळदा विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा निघतो.

भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात विद्यार्थी शतकानुशतके उभ्या असलेल्या इमारतीत एखादी वीट बसवतो. संगणकशास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इमारतच नव्हती. अमेरिकेतील पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये स्थापन झाला. त्या देशातील या विषयाच्या पहिल्या दोन पीएच.डी. पदव्या ७ जून १९६५ या एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या विद्यापीठांनी दिल्या. त्यांपैकी विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या मेरी केनेथ केलर या ख्रिस्ती धर्मसंघातील साध्वी होत्या, हेही नोंदवण्याजोगे आहे. तेव्हा मार्गदर्शकांनी या विषयाची पदवी घेतलेली असणे शक्यच नव्हते. विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्यातील ज्ञानाचे अंतर या विषयात आरंभापासूनच कमी होते.

प्रस्तुत लेखात अशा काही निवडक प्रकल्पांचा विचार केला आहे. विद्यार्थ्याचे काम विद्याशाखेला वळण देते तेव्हा त्यामागे कोणती परिस्थिती असते, आणि त्या कामाचे श्रेय व फळ शेवटी कोणाच्या पदरी पडते, हे दोन प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत.

रिले आणि बीजगणित

क्लॉड शॅनन यांनी १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन विषयांत पदवी घेतली आणि त्याच वर्षी ते एम.आय.टी.त संशोधन साहाय्यक म्हणून दाखल झाले. सूचनाफलकावरील एका कार्डावरून त्यांना या जागेची माहिती मिळाली होती. व्हॅनेव्हार बुश यांचे विभेदक विश्लेषक हे यंत्र सांभाळणे, म्हणजे इतरांची समीकरणे त्यावर मांडून देणे, हे त्यांचे काम. यंत्राचा मुख्य भाग दांडे, चक्रे आणि चकत्या यांचा होता; नियंत्रणासाठी मात्र सुमारे शंभर रिलेंचा एक गुंतागुंतीचा परिपथ जोडलेला होता.

असे परिपथ रचण्याची तेव्हा कोणतीही शास्त्रीय रीत नव्हती. अनुभवी अभियंता अंदाजाने जोडण्या करी, त्या चालतात की नाही ते पाही आणि कमी रिलेंत काम भागेल का याचा पुन्हा अंदाज बांधी. जॉर्ज बूल यांचे तर्कबीजगणित शॅनन यांच्या परिचयाचे होते, कारण मिशिगनमध्ये त्यांनी तर्कशास्त्राचा अभ्यासक्रम घेतला होता. रिलेच्या दोन अवस्था आणि विधानाची सत्य-असत्य अशी दोन मूल्ये यांत एकच बीजगणित आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९३७ चा उन्हाळा त्यांनी बेल प्रयोगशाळेत घालवला. तेथील दूरध्वनी यंत्रणा रिलेंवरच उभी असल्याने या विचाराला बळ मिळाले. १० ऑगस्ट १९३७ रोजी त्यांनी एम.एस. पदवीसाठी प्रबंध सादर केला; त्याचा विषय रिले व स्विच परिपथांचे सांकेतिक विश्लेषण हा होता. पदवी प्रत्यक्षात १९४० मध्ये प्रदान झाली.

अध्यापकांना रस वाटावा असा एक तपशील येथे आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांत जुळलेला परिपथ १ आणि तुटलेला परिपथ ० मानतात. शॅनन यांनी परिपथातील ‘अडथळा’ मोजला, त्यामुळे त्यांच्या प्रबंधात जुळलेला परिपथ ० आणि तुटलेला १ आहे. एकसर जोडणी म्हणजे बेरीज आणि समांतर जोडणी म्हणजे गुणाकार. आजच्या विद्यार्थ्याला हे उलटे वाटते, पण बीजगणित तेच राहते. परिपथ म्हणजे समीकरण, आणि समीकरण सोपे करणे म्हणजे रिलेंची संख्या कमी करणे, हे एकदा सिद्ध झाल्यावर परिपथरचना कसबाच्या क्षेत्रातून गणिताच्या क्षेत्रात आली. प्रबंधाच्या उत्तरार्धातील उदाहरणांत विद्युत कुलूप आहे, तसा द्विमान पद्धतीने बेरीज करणारा परिपथही आहे.

या कामासाठी शॅनन यांना अमेरिकेतील अभियांत्रिकी संस्थांचा आल्फ्रेड नोबल पुरस्कार मिळाला. त्याचा स्वीडनच्या नोबेल पारितोषिकाशी काही संबंध नाही. नामसाधर्म्यामुळे होणारा हा घोटाळा छापील मजकुरातही आढळतो.

तथापि ही कल्पना एकट्या शॅनन यांनाच सुचली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जपानमध्ये निप्पॉन इलेक्ट्रिक कंपनीतील अकिरा नाकाशिमा यांनी १९३४ पासून याच दिशेने लेखन केले होते. मॉस्को विद्यापीठातील व्हिक्टर शेस्ताकोव्ह यांनी १९३५ मध्येच ही उपपत्ती मांडल्याची साक्ष सोव्हिएत गणितज्ञांनी दिली आहे. त्यांचा प्रबंध १९३८ मधला, पण प्रकाशन झाले ते १९४१ मध्ये आणि रशियन भाषेत. तिघांपैकी शॅनन यांचे नाव राहिले याचे कारण केवळ गुणवत्तेत शोधणे योग्य नव्हे. १९३८ मध्ये त्यांचा निबंध अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ज्यांना त्याचा उपयोग होता त्यांच्या हाती तो लगेच पडला.

याच विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रबंधाची हकीकतही सांगितली पाहिजे. बुश यांच्या सूचनेवरून शॅनन पीएच.डी.साठी अनुवंशशास्त्राकडे वळले. १९३९ च्या उन्हाळ्यात ते कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले आणि १९४० मध्ये सैद्धांतिक अनुवंशशास्त्राच्या बीजगणितावरील प्रबंध त्यांनी पूर्ण केला. विद्यार्थी तोच, संस्था तीच, बुद्धीही तीच. पण हा प्रबंध शॅनन यांच्या संकलित लेखनात १९९३ मध्ये छापला जाईपर्यंत अप्रकाशित राहिला आणि त्या शास्त्रावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य झाला. पहिला प्रश्न हाताखालच्या यंत्राने उभा केला होता, दुसरा मार्गदर्शकाने सुचवला होता. एवढ्या एका उदाहरणावरून नियम काढता येणार नाही, परंतु विषयनिवडीची चर्चा करताना ही जोडी विसरण्याजोगी नाही.

टी.एक्स.-२ समोर

पंचवीस वर्षांनी शॅनन स्वतः एम.आय.टी.त प्राध्यापक होते आणि आयव्हन सदरलँड हे त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करीत होते. परीक्षक समितीत मार्व्हिन मिन्स्की आणि स्टीव्हन कून्स हेही होते. जानेवारी १९६३ मध्ये सादर झालेल्या या प्रबंधाने ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली जगापुढे आणली. मनुष्याने पडद्यावर चित्र काढून यंत्राशी संवाद साधावा, ही तिची मूळ कल्पना.

त्या काळचा संगणक म्हणजे छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत देऊन दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घेण्याची व्यवस्था होती. यंत्राचा प्रत्येक मिनिट मोलाचा असल्याने ते एका माणसाच्या विचारासाठी थांबून राहणे ही उधळपट्टी समजली जाई. लिंकन प्रयोगशाळेतील टी.एक्स.-२ हे यंत्र मात्र अपवाद होते. वेस्ली क्लार्क यांनी रचलेल्या या प्रायोगिक संगणकाला पडदा होता, प्रकाशलेखणी होती, छत्तीस बिटांच्या चौसष्ट हजारांवर शब्दांची स्मृती होती, आणि मुख्य म्हणजे तो ठरावीक वेळ एकाच वापरकर्त्याच्या ताब्यात देत असत. स्केचपॅडचे अर्धे रहस्य या सोयीत आहे. जगातील फार थोड्या विद्यार्थ्यांना तेव्हा असे यंत्र एकट्याने वापरायला मिळू शकले असते.

प्रबंधाच्या आरंभी षट्‌कोनांची जाळी काढण्याचे उदाहरण आहे. वापरकर्ता प्रकाशलेखणीने सहा बाजूंची ओबडधोबड आकृती काढतो, तिचे कोपरे एका वर्तुळावर आणतो आणि बाजू समान कराव्यात असे सांगतो. आकृती आपोआप सुबक षट्‌कोन होते. मग त्याच्या प्रती एकमेकींना जोडून जाळी तयार होते. मूळ षट्‌कोनात बदल केला की सर्व प्रती बदलतात. यातील ‘मूळ आकृती आणि तिची रूपे’ हे नाते पुढे वस्तुनिष्ठ आज्ञावलीच्या कल्पनेला पूर्वसूचक ठरले, तर ‘अटी सांगा, रेषा यंत्र जुळवील’ ही पद्धत आजही अभियांत्रिकी आरेखनाच्या आज्ञावलींत आढळते. पुलाच्या सांगाड्यावर भार टाकून त्यातील बलांचे आकडे दाखवण्याचे उदाहरणही प्रबंधात दिले आहे.

सदरलँड एकटे नव्हते. त्याच यंत्रावर टिमथी जॉन्सन यांनी एम.एस.साठी स्केचपॅडची त्रिमितीय आवृत्ती केली आणि लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी छायाचित्रातून घनवस्तू ओळखण्यावरील पीएच.डी.चा प्रबंध १९६३ मध्येच पूर्ण केला. एका यंत्राभोवती एका वर्षात तीन प्रबंध उभे राहिले. या सुबत्तेचा स्रोतही सांगायला हवा. लिंकन प्रयोगशाळा अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेली होती आणि तिचा खर्च सैन्यदले करीत. शीतयुद्धाच्या पैशावर विद्यार्थ्यांना ही मोकळीक लाभली. ज्या देशांकडे असा पैसा नव्हता तेथील विद्यार्थी कमी बुद्धिमान होते असे यातून निष्पन्न होत नाही.

यूटा विद्यापीठातील प्रबंधमाला

सदरलँड १९६८ मध्ये डेव्हिड इव्हान्स यांच्याबरोबर काम करण्यासाठी यूटा विद्यापीठात आले. सॉल्ट लेक सिटीसारख्या तुलनेने आडबाजूच्या ठिकाणी, संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेच्या अनुदानावर, संगणकीय चित्रांचा एक व्यापक प्रश्न तुकड्यातुकड्यांनी विद्यार्थ्यांपुढे आला. घनवस्तूचे दिसणारे पृष्ठभाग कोणते हे ठरविण्याची एक रीत जॉन वॉर्नॉक यांच्या १९६९ च्या प्रबंधात आहे. १९७१ मध्ये आँरी गूरो यांनी बहुभुजांच्या कोपऱ्यांवरील प्रकाशमान काढून मधल्या बिंदूंवर ते क्रमाने पसरवण्याची युक्ती दिली, त्यामुळे पैलू असलेला पृष्ठभाग गुळगुळीत दिसू लागला. प्रयोगासाठी त्यांनी आपल्या पत्नीच्या चेहऱ्याची मापे घेतली होती. गूरो यांच्या रीतीत चकाकी नीट येत नसे. बुई तुओंग फाँग यांनी १९७३ च्या प्रबंधात प्रकाशमानाऐवजी पृष्ठभागाची लंबदिशाच पसरवली आणि चकाकीचे गणितही दिले. १९७५ मध्ये, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. व्हिएतनामी पद्धतीने बुई हे त्यांचे कुलनाम. तरी रीत मात्र ‘फाँग’ या नावाने रूढ झाली.

एडविन कॅटमल यांच्या १९७४ च्या प्रबंधात प्रत्येक चित्रबिंदूसाठी खोलीचा आकडा जतन करण्याची रीत आहे. नवी वस्तू जुनीपेक्षा जवळ असेल तरच बिंदूचा रंग बदलायचा, इतकी ती साधी आहे. तेव्हाच्या स्मृतीच्या किमती पाहता ती अव्यवहार्य होती. स्मृती स्वस्त झाल्यावर ती चित्रप्रक्रियकांच्या रचनेतच समाविष्ट झाली. येथेही शेस्ताकोव्ह यांच्या प्रसंगाची पुनरावृत्ती दिसते : बर्लिनमध्ये वोल्फगांग श्ट्रासर यांनी हीच रीत त्याच वर्षीच्या आपल्या प्रबंधात वर्णिली होती. कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि २०१९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना पॅट हॅनरहान यांच्यासह मिळाला.

या मालिकेत प्रत्येक प्रबंध आधीच्या प्रबंधाची एखादी उणीव हेरून सुरू होतो. ही उणीव आधीच्याने लपवली असती तर मालिका खुंटली असती. आपल्याकडील पदव्युत्तर प्रकल्प अहवालांच्या शेवटी ‘पुढील संशोधनाला वाव’ या शीर्षकाखाली जी चार औपचारिक वाक्ये लिहिली जातात, ती वाचून पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याने काम सुरू केल्याची उदाहरणे किती, हा प्रश्न विभागांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

स्टॅनफर्ड : अपूर्ण प्रबंध

सर्वाधिक परिचित उदाहरणाविषयी थोडक्यातच लिहिणे पुरेसे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने अंकीय ग्रंथालयाचा प्रकल्प चालू होता. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे त्याच वातावरणात काम करणारे पीएच.डी.चे विद्यार्थी. पेज यांचे मार्गदर्शक टेरी विनोग्राड यांनी महाजालावरील दुव्यांचा विषय धरण्यास त्यांना प्रोत्साहन दिले. एखाद्या पानाकडे कोण दुवा देतो, आणि दुवा देणारे पान स्वतः किती महत्त्वाचे आहे, यावरून पानांची प्रतवारी लावणे हे या कामाचे सूत्र होय. उद्धरणे मोजून निबंधाचे महत्त्व ठरवण्याची यूजीन गारफिल्ड यांची परंपरा त्यामागे होती. त्याच मोजमापाने अध्यापकांची पदोन्नती ठरू लागली हा वेगळा, आणि काहीसा क्लेशदायक, विषय आहे.

१९९८ मध्ये ब्रिस्बेनच्या परिषदेत मांडलेल्या त्यांच्या निबंधात दोन कोटी चाळीस लाख पानांच्या शोधयंत्राचे वर्णन आहे. त्याच्या परिशिष्टात जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील अशी शंका लेखकांनी व्यक्त केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी स्थापन झाली आणि पुढे जाहिरात हाच तिच्या उत्पन्नाचा मुख्य आधार झाला. दोघांनीही पीएच.डी. पूर्ण केली नाही. प्रतवारीच्या रीतीचे पेटंट २००१ मध्ये मंजूर झाले. त्यावर संशोधक म्हणून पेज यांचे नाव आहे, मालकी मात्र विद्यापीठाची होती. परवान्याच्या मोबदल्यात विद्यापीठाला कंपनीचे अठरा लाख समभाग मिळाले आणि २००५ मध्ये ते ३३.६ कोटी डॉलरना विकले गेले. सार्वजनिक अनुदान, विद्यार्थ्याची कल्पना, विद्यापीठाची मालकी आणि खाजगी कंपनी अशी ही साखळी पुढे अनेक विद्यापीठांपुढे आदर्श म्हणून ठेवली गेली. शॅनन किंवा गूरो यांच्या प्रबंधांतील रीती मात्र ज्याला हव्या त्याने वापरल्या. त्यांतून विद्यापीठांना काय मिळाले याचा हिशेब मांडता येत नाही, म्हणून तो कोणी मांडतही नाही.

कानपूर, २००२

भारतातील उदाहरण शोधताना आयआयटी कानपूरचा उल्लेख अटळ आहे. या संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला आणि १९७१ पासून संगणकशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. तेथे ऑगस्ट २००२ मध्ये जो निकाल जाहीर झाला, त्याला मात्र कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नव्हती.

दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे जलद आणि खात्रीने कसे ठरवावे, हा प्रश्न जुना आहे. बर्कलेचे विद्यार्थी गॅरी मिलर यांनी १९७५ च्या आपल्या प्रबंधात एक जलद रीत दिली होती, परंतु तिची अचूकता रीमानच्या विस्तारित गृहीतकावर अवलंबून होती, आणि ते गृहीतक आजही असिद्ध आहे. मायकेल राबिन यांनी त्या रीतीला यादृच्छिक रूप दिले. त्यात चूक होण्याची शक्यता अत्यल्प, पण शून्य नव्हे. कोणत्याही गृहीतकाविना, यादृच्छिकतेविना, अंकांच्या संख्येच्या बहुपदी प्रमाणात वेळ घेणारी रीत कोणालाही सापडली नव्हती.

मणींद्र अग्रवाल आणि सोमनाथ बिस्वास यांनी १९९९ मध्ये बहुपदींवर आधारित एक नवी, पण यादृच्छिक, कसोटी मांडली. (क्ष + अ) चा न-वा घात विस्तारून न ने भागले असता बाकी क्षच्या न-व्या घातात अ मिळवल्याइतकी उरते, हे न मूळ असताना नेहमी खरे असते. अ आणि न यांना सामाईक विभाजक नसेल, तर न संयुक्त असताना ते कधीच खरे नसते. अडचण एवढीच की विस्तारातील पदे फार होतात. ती कमी करण्यासाठी क्षच्या र-व्या घातातून १ वजा केलेल्या बहुपदीने भागून बाकीच तपासावी, ही पुढची पायरी. पण मग काही संयुक्त संख्याही निसटण्याचा संभव उरतो. २००१ मध्ये रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या दोन बी.टेक. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पात याचा अभ्यास करून, योग्य र निवडल्यास एकच कसोटी पुरेशी व्हावी असे अनुमान मांडले. पुढील वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्याच धाग्यावर आपला बी.टेक. प्रकल्प केला आणि एप्रिल २००२ मध्ये अहवाल दिला. अनुमान सिद्ध झाले नाही. उन्हाळ्यात दोघेही तेथेच पीएच.डी.चे विद्यार्थी झाले आणि अग्रवाल यांच्यासह काम चालू राहिले. अ कायम ठेवून र बदलत राहण्याऐवजी र कायम ठेवून अ च्या अनेक किमती तपासाव्यात, हा दृष्टिबदल निर्णायक ठरला.

अवघ्या नऊ पानांचा निबंध ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काही तज्ज्ञांना पाठवून महाजालावर खुला करण्यात आला. हेंड्रिक लेन्स्ट्रा आदींच्या सूचनांनी सिद्धता आणखी सोपी झाली, आणि ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाने तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. २००६ मध्ये तिघांना गोडेल आणि फुल्कर्सन हे दोन्ही पुरस्कार मिळाले. निबंधावर तिघांची नावे वर्णानुक्रमाने आहेत. त्यामुळे मार्गदर्शकाचे नाव आधी आले ते वर्णमालेमुळे, अधिकारामुळे नव्हे. २००१ मधील त्या प्रकल्पाचा उल्लेखही मूळ निबंधात आहे.

व्यवहारात, म्हणजे संकेतलेखनासाठी मोठ्या मूळ संख्या शोधताना, आजही राबिन यांची यादृच्छिक कसोटीच वापरली जाते, कारण ती अधिक वेगवान आहे. ज्या अनुमानापासून कानपूरच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात केली होती, ते खरे ठरते तर नवी रीत पुष्कळ जलद झाली असती. परंतु कार्ल पॉमरन्स आणि लेन्स्ट्रा यांनी ते बहुधा खोटे असावे असे दाखवणारा युक्तिवाद पुढे मांडला. ते अनुमान अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि त्याला छेद देणारी संख्याही कोणाला सापडलेली नाही.